मुक्कामी विमान

खैरनार स्वतःच्या जेवणाचीसुद्धा घोषणा करत. "प्रवाशांनी लक्ष द्यावे. पिठलं-भात फलाटावर लागत आहे. कृपया गर्दी करू नये," असं खणखणीत आवाजात म्हणायचे आणि मग एकटेच ताटावर बसायचे. घरात प्रवासी असा तो एकच. आमची आणि त्यांची भिंत सामाईक, त्यामुळे पलीकडे आज काय शिजलं हे आम्हाला कधी विचारावं लागलं नाही. पिठल्याची गाडी फार वेळा सुटायची.

ते नाशिकच्या एसटी स्टँडावर वाहतूक नियंत्रक होते. खिडकीमागे बसून भोंग्यातून गाड्या पुकारायच्या आणि उरलेल्या वेळात "कळवण गाडी कधी?" याला उत्तरं द्यायची, हे त्यांचं काम. मूळचे सटाण्याकडचे. आई अगदी लहानपणी गेलेली, मामाच्या घरी वाढले. लग्न केलं नव्हतं. का केलं नाही असं कुणी विचारलंच तर म्हणत, "गाडी वेळेत लागली होती हो, प्रवासीच चुकला." पुढे चौकशी करायची कुणाची छाती नव्हती, कारण खैरनार लगेच चौकशी खिडकी बंद झाल्यासारखा चेहरा करत.

पण कॉलनीत त्यांची ओळख होती ती विमानांमुळे. हा माणूस घरी विमानं बनवायचा. खेळण्यातली नव्हेत, हलक्या लाकडाचा सांगाडा, वर ताणून बसवलेलं रेशमी कापड, नाकावर कलकत्त्याहून मागवलेलं मुठीएवढं इंजिन, आणि जमिनीवर उभं राहून हातातल्या डब्यावरून चालवायची, अशी. तो डबा आणि विमानाच्या पोटात बसून त्याचे बिनतारी इशारे पकडणारी जोडीची पेटी त्यांनी देवळालीतून गाव सोडून चाललेल्या एका निवृत्त लष्करी साहेबांकडून घेतली होती. त्या काळात तसली वस्तू बाजारात मिळण्याची सोय नव्हती. विमानं मोडत, परत बनत, पण ती पेटी मात्र एका विमानातून दुसऱ्यात जायची. "सगळा जीव त्या पेटीत आहे," असं ते म्हणत. "बाकी नुसती बॉडी."

विमानाच्या तेलात एरंडेल लागायचं. खैरनार ते वाण्याकडून बाटल्यांनी आणत. वाण्यानं बिचाऱ्यानं बरेच महिने संकोच केला आणि शेवटी एक दिवस हळूच विचारलं, "साहेब, पोटाचं एकदा डॉक्टरला का दाखवत नाही?" इंजिन सुरू झालं की जळक्या एरंडेलाचा वास कॉलनीभर पसरायचा आणि पोरं खेळ टाकून पळायची. त्यांना वाटायचं, आज कुणाच्या तरी घरी डोस आहे. पंखा बोटानं फिरवून इंजिन चालू करावं लागे, त्यामुळे खैरनारांच्या उजव्या हाताच्या एका ना एका बोटाला कायम चिंधी बांधलेली असायची. लोक नमस्कार करताना त्या बोटाची खुशाली विचारत.

विमानांना नावं एसटीच्या मार्गांची. 'कळवण जलद' झाडात अडकून संपलं. 'सटाणा साधी' नीट उडायचंच नाही. 'नांदगाव' मोडलं तेव्हा खैरनारांनी दोन दिवस दाढी केली नव्हती आणि भेटायला आलेल्यांना चहा पाजला होता. आमच्या शेजारचे भालेराव ओझरच्या विमान कारखान्यात होते. ते म्हणायचे, "आमच्याकडं हजारो माणसं मिळून विमान करतात. हा गडी एकटाच कारखाना, एकटाच पायलट, आन् पडल्यावर रडायलाबी एकटाच."

ओझरच्या बाजूला खरी विमानं उडत, त्यामुळे तिकडे उडवायला बंदी. म्हणून गुरुवारी, साप्ताहिक सुट्टीला, खैरनार विमान घेऊन एसटीनं चांदवडच्या अलीकडच्या एका माळावर जात. पंख वेगळे करून मांडीवर आडवे, बॉडी पोटाशी. एसटीचाच माणूस, कोण अडवणार? पण हे स्वतःहून कंडक्टरला म्हणत, "लगेज फाड." कंडक्टर ओळखीचा. तो एकदा वैतागून म्हणाला, "खैरनार, विमानाचं लगेज कितीला धरतात ते पुस्तकात नाय. तुम्हीच सांगा, मी त्याला हाफ तिकीट देऊ का?" त्यावर खैरनारांनी खरोखर थोडा विचार केला आणि म्हणाले, "उभ्यानं नाही ना नेता येणार त्याला."

एका गुरुवारी मला रजा होती म्हणून मीही गेलो. त्या वेळचं विमान 'सुरगाणा' नावाचं, पिवळ्या पंखांचं. दोन वर्षं खपून केलेलं. माळावर पोचल्यावर खैरनारांनी दोन्ही हात तोंडाशी नेऊन रिकाम्या माळाला सूचना दिली: "सुरगाणा गाडी सुटण्यास तयार आहे." मग इंजिन कर्कश ओरडलं, विमान गवतावरून धावलं आणि उठलं. मी हसायचं विसरलो, एवढं ते सुंदर उडत होतं. त्यांनी ते डावीकडे वळवलं, उजवीकडे वळवलं, आमच्या डोक्यावरून नेलं. त्यांचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता.

मग विमान डोंगराकडे निघालं आणि वळेना. खैरनार डब्याच्या दांड्या हलवत राहिले, चालत राहिले, पळायला लागले. पिवळा ठिपका डोंगराच्या खांद्यावरून पलीकडे गेला आणि आवाजही गेला. "गयं," ते म्हणाले. एरवी छापील मराठी पुकारणारा माणूस, पण त्या घटकेला त्यांच्या तोंडून सटाण्याची अहिराणीच आली. "गयं ते."

संध्याकाळपर्यंत शोधलं, सापडलं नाही. परतीच्या गाडीत त्यांनी लगेज काढलं नाही, कारण मांडीवर काही नव्हतं. मला फार वाईट वाटलं. विमान परत बनवता आलं असतं, पण ती पेटी कुठून आणणार? पेटी गेली म्हणजे खैरनारांचं उडवणंच संपलं. मी काही तरी बोलायचं म्हणून धीर दिला, तर म्हणाले, "गाडी परत आली नाही म्हणजे बंद पडली असं नसतं. मुक्कामी असेल. रात्री एखाद्या गावात थांबली असेल."

पुढच्या गुरुवारी ते शोधायला गेले. त्याच्या पुढच्याही. दिवाळी झाली, संक्रांत झाली, माणूस दर गुरुवारी पहाटेच्या गाडीनं चांदवडकडे जायचा आणि रात्री परत यायचा. "सापडलं का?" असं अख्खी कॉलनी विचारी. "नाही. पुढच्या गुरुवारी परत बघतो." आम्हाला आधी कीव आली, मग काळजी वाटायला लागली. माझी बायको कुसुम म्हणाली, "भाऊजी खुळावणार आहेत हो अशानं. काही तरी करा." शेवटी भालेरावांनी मनावर घेतलं. कारखान्यातले कुणी साहेब परदेशी जाणार होते, त्यांच्याकरवी तसलीच नवी पेटी मागवायची असं त्यांनी ठरवलं. कॉलनीनं मिळून ती खैरनारांना भेट द्यायची. त्यांना मात्र काही सांगायचं नाही. साहेबांना पेटीचं सांगण्यापूर्वी भालेराव माझ्याकडे येऊन म्हणाले, "शनिवारी सांगतो साहेबांना. तुम्ही पक्कं समजा."

त्या शनिवारच्या आधीच्या गुरुवारी कुसुम आणि मी चांदवडला देवीच्या दर्शनाला गेलो होतो. परतताना गाडी बिघडली म्हणून सगळे उतरून रस्त्याच्या कडेला उभे राहिलो. आजूबाजूला कांद्याची रानं. तेवढ्यात आतल्या एका वस्तीवरून आवाज आला.

"प्रवाशांनी लक्ष द्यावे. बाजरीची भाकरी आणि पातीचा झुणका फलाटावर लागत आहे."

आम्ही एकमेकांकडे पाहिलं आणि बांधावरून निघालो.

वस्तीवर एक खोली, पुढे कांदे साठवायची चाळ, चार कोंबड्या. एक म्हातारी चुलीपुढून भाकरी घेऊन येत होती आणि खैरनार पोत्यावर मांडी घालून बसले होते. चाळीत, कांद्यांच्या वर, सुतळीनं टांगलेलं 'सुरगाणा' वाऱ्यानं हळूहळू फिरत होतं. एका पंखाला चीर होती. बाकी ते धडधाकट होतं.

खैरनारांनी आम्हाला पाहिलं आणि त्यांच्या हातातला घास हातातच राहिला. म्हातारीला मात्र पाहुणे आल्याचा आनंदच झाला. तिनं कुसुमला हाताला धरून बसवलं आणि सगळी हकीकत सांगितली.

"कांद्याच्या वाफ्यात पडलं व्हतं बाई. म्या म्हनलं, ओझरच्या इमानाचं पिल्लू हाय. वरून जाता जाता खाली पडलं आसंल. पाटीखाली झाकून ठिवलं, कुत्र्याचं भ्या. म्हनलं, ह्याची आय येईल हुडकीत. मंग आठ दिसांनी ह्यो आला. म्हनला, आजी, ते माझं हाय. म्या म्हनलं, तू त्याची आय का रं? तर म्हनला, हो."

"लगेच दिलं तुम्ही?" कुसुमनं विचारलं.

"म्या दिलं की! पन ह्योच नेत नाय. म्हनतो, पंख दुखतोय त्याचा, अजून बरा व्हऊ द्या. म्या म्हनलं, ऱ्हाऊ दे. माझं बी पोरगं मुंबईला हाय, गोदीत. वर्सानं येतं. ह्यो आठवड्याला येतो." मग तिनं खैरनारांच्या पाठीत एक धपाटा घातला. "जेव की! गार झाली भाकर."

आणि खैरनार, ज्यांच्या खिडकीसमोर सबंध तालुक्याचे कंडक्टर चळचळ कापत, ते निमूटपणे जेवायला लागले.

आम्हाला रस्त्यापर्यंत सोडायला ते आले. वाटेत मी म्हटलं, "खैरनार, ती चीर चिकटवायला किती वेळ लागतो?"

"अर्धा तास," ते म्हणाले. "त्याच दिवशी केली असती. पण मग विमान घेऊन जावं लागलं असतं."

"अहो, मग न्यायचं आणि तरी यायचं अधूनमधून. कोण अडवतंय?"

"काय म्हणून येऊ?" त्यांनी अगदी खरोखर विचारलं. "ना नात्याचा, ना गावचा. माझं विमान तिथं आहे, म्हणून मी जातो, असं सांगता येतं. ते आणल्यावर काय सांगू?" मग ते कांद्याच्या पातीकडे बघत बोलायला लागले. "निघायला लागलो की म्हातारी दर वेळी विचारते, परत कधी येशील? नोकरी लागल्यापासून लोक मला विचारतात, गाडी कधी येणार? पण तू कधी येशील, असं मला कुणी विचारलं नव्हतं हो. मामाकडे असताना नाही, नंतर नाही. पहिल्यांदा विचारलं तेव्हा मला उत्तरच आलं नाही. मला! चौकशीच्या माणसाला!"

कुसुमनं पदर डोळ्याला लावला. मी गाडी आली का ते उगाच वाकून बघत राहिलो.

"उडवायचं सुटलं ना पण," मी म्हणालो.

"सुटलं," ते म्हणाले. "चालतं."

घरी पोचलो तेव्हा भालेराव ओट्यावरच बसले होते. ते उत्साहानं उठले. "बरं झालं आलात. साहेब उद्याच निघतायत, म्हणून शनिवारचं आजच उरकतो. आत्ता सायकल काढतो आन् पेटीचं सांगून येतो. नवी पेटी आली म्हंजी ह्या माणसाचं दर गुरुवारची वणवण थांबंल. एवढे दिवस झाले, आता कसलं सापडतंय ते?"

मी काय सांगावं याची जुळवाजुळव करत होतो. कुसुम देवाची पिशवी ओट्यावर ठेवून सरळ पुढे झाली. आमच्या एवढ्या वर्षांच्या संसारात तिनं धादांत खोटं बोललेलं मी ऐकलं नव्हतं. दुधात पाणी घातलं तरी ती सांगून टाकायची.

"नको भालेरावभाऊ," ती म्हणाली. "आम्ही आज तिकडूनच आलो. डोंगर केवढा मोठा आहे! अजून निम्मासुद्धा बघून झालेला नाही. शोधू द्या त्यांना."