कांबळे मॅडमचा हास्यक्लब

आमच्या सोसायटीत तीनशे दोनमध्ये रोज दुपारी साडेतीनला पन्नासेक माणसं हसतात. जिन्याने मात्र एकही माणूस वर जात नाही. वॉचमनच्या वहीत कुणाची नोंद नसते आणि दाराबाहेर चपलांचा एकच जोड असतो.

खरं तर हे मला ठाऊक असायचं काही कारण नव्हतं. दुपारी साडेतीनला मी बेलापूरच्या कचेरीत फायलींवर शेरे मारत असते. पण मी सोसायटीची सेक्रेटरी. झाले कशी, तर निवडणुकीच्या मीटिंगला बाकी सगळे नेमके आजारी पडले आणि मूर्खासारखी मी तेवढी गेले. तेव्हापासून कोपरखैरण्यातल्या या चार मजल्यांचं पाणी, पार्किंग आणि कबुतरं माझ्या डोक्यावर आहेत. संध्याकाळी घरी येऊन पर्स ठेवते न ठेवते तोच बेल वाजते.

त्या दिवशी बेल वाजवली दोनशे दोनच्या भोईरकाकांनी. काका मूळ इथले, आमची बिल्डिंग उभी आहे ती त्यांच्या आज्याच्या शेतात. "सेक्रेटरी, माझ्या डोक्यावर काय चाललंय ग?" ते म्हणाले. "जावय रातपाली करून येतो. दुपारचा झोपाला नको त्याला? वर ही मानसं खदाखदा हसतान, मग गप होतान, मग परत हसतान. परवा मशीनवर डुलकी लागली त्याला. हात जायचा वाचला."

हात म्हटल्यावर मला गप्प बसता येईना. कमिटी बसली. पन्नास माणसं ठरल्या वेळेला हसतात, म्हणजे तो हास्यक्लबच, यावर सगळ्यांचं एकमत झालं. आमच्या कमिटीत एकमत झालेला हा पहिला विषय. लगेच मी नोटीस टाइप केली: 'सदनिकेत विनापरवाना हास्यक्लब चालवत असल्याने तो सात दिवसांत बंद करावा.' सही, शिक्का, सगळं रीतसर.

दुसऱ्या दिवशी नोटीस माझ्या दाराच्या फटीत परत आली. त्यावर पेन्सिलीने बारीक अक्षरात लिहिलं होतं: 'डावीकडे समास कमी सोडला आहे. तारीख उजवीकडे हवी. क्लब नाही, मी एकटीच असते. शालिनी कांबळे, निवृत्त स्टेनो.'

कांबळे मॅडमना तुम्ही पाहिलंत तर वाटेल, या बाईचा आणि हसण्याचा काय संबंध. वय अडुसष्ट, गाव महाडकडचं, स्टार्च केलेली सुती साडी. बेलापूरच्या एका सरकारी कचेरीत इंग्रजी स्टेनो म्हणून सगळी हयात गेली. अजूनही समोरचा बोलायला लागला की त्यांचं बोट गुडघ्यावर शॉर्टहँड लिहू लागतं. मी एकदा वार्षिक सभेत पाणीटंचाईवर पोटतिडकीने बोलत होते आणि या खाली बघून गुडघ्यावर माझं भाषण उतरवत होत्या. मधेच बोट थांबलं. म्हटलं, मॅडमना विषय भिडला. तर म्हणाल्या, "वहिनी, हे बाईंनी करून ठेवलंय."

हे त्यांचं पालुपद. लिफ्ट अडकली, बाईंनी करून ठेवलंय. पार्किंगवरून दोघं एकमेकांच्या अंगावर धावून गेले, बाईंनी करून ठेवलंय आणि यांच्यापेक्षा बरं केलंय. 'बाई' म्हणजे इंग्लंडच्या टीव्हीवरची एक जुनी विनोदी नटी. छोटी छोटी प्रहसनं करायची, आणि जगातली प्रत्येक फजिती तिने त्यांत आधीच करून दाखवली आहे, असं मॅडमचं मत. कचेरीतले एक साहेब तिकडून येताना तिच्या दोन व्हिडिओ कॅसेट घेऊन आले आणि बघून झाल्यावर मॅडमच्या टेबलावर विसरले. मॅडमनी त्यांना आठवण करून दिली नाही. आयुष्यात एवढा एकच गैरव्यवहार केला, असं त्या सांगतात. पुढे कॅसेटची सीडी झाली, सीडीचा पेनड्राइव्ह झाला.

"त्या काळी तिकडेसुद्धा टीव्हीवर बाईचं काम काय, तर नर्स व्हायचं नाही तर नवऱ्यावर खेकसायचं," मॅडम म्हणतात. "ही पहिली अशी, की हिचं नाव वर आणि पुरुष तिच्या हाताखाली."

मी शनिवारी दुपारी वर गेले. आठवड्याचा एक दिवस झोपायला मिळतो, तोही या कामात गेला म्हणून मी आधीच चिडलेली होते. ठरवून गेले होते, पाच मिनिटांत सांगायचं आणि खाली येऊन आडवं व्हायचं.

"मॅडम, कानाला हेडफोन लावून बघा ना," मी दारातच म्हटलं. "माझ्या मुलीचा पडलाय घरात, आणून देते."

"हेडफोन नको."

"मग आवाज कमी करा. नाही तर वेळ बदला. संध्याकाळी सहाला बघा, तेव्हा जावई कामावर निघालेला असतो."

"वेळ नाही बदलता येणार," त्या म्हणाल्या. "आणि मला कमी ऐकू येतं. आत या, चहा नंतर करते. आधी छत्री बघा."

छत्री म्हणजे एक प्रहसन. एक बाई हरवलेल्या वस्तूंच्या कचेरीत आपली छत्री शोधायला येते. खिडकीमागचा कारकून तिला इतके फॉर्म भरायला लावतो, की शेवटी ती दुसऱ्याची छत्री, तिसऱ्याची पिशवी आणि चौथीचा नवरा सही करून घेऊन जाते. मी दिवाणाच्या कडेला टेकले. कारकून अगदी आमच्या आवक-जावक विभागातल्या माणसासारखा होता. स्टुडिओतली माणसं खदाखदा हसली आणि खाली जावई कुशीवर वळला असणार.

तेवढ्यात मॅडमनी रिमोट दाबला. चित्र थांबलं. दिवाणाच्या डाव्या बाजूला, जिथे कुणीच नव्हतं तिकडे वळून त्या म्हणाल्या, "तो विचारतोय, छत्री हरवली तेव्हा उघडी होती का मिटलेली. ती म्हणते, पाऊस होता हो, पण मी घाईत होते."

एवढं बोलून त्या थांबल्या. मग त्यांना मी दिसले. रिमोट मांडीवर ठेवून त्या पदर सारखा करत राहिल्या.

"सवय हो," त्या म्हणाल्या. "ह्यांना इंग्रजी येत नव्हतं. तुर्भ्याच्या कंपनीत पहिली पाळी, साडेतीनला घरात. मला सुट्टी असली, नाही तर मी रजा टाकली, की हे टपलेले. जेवायचे नाहीत आधी, म्हणायचे, तुझी ती बाई लाव. मी थांबवून थांबवून सांगायची. टीव्हीतली माणसं हसून मोकळी व्हायची, मग आमचे हे हसायचे. रिटायर झाल्यावर तर रोज. हे जाऊन चार वर्षं झाली." मग म्हणाल्या, "हेडफोन एकालाच लागतो, वहिनी. म्हणून नको."

पाच मिनिटांत काम उरकायला आलेल्या स्वतःची मला लाज वाटली. आणि खरं सांगते, त्या माणसाचा हेवाही वाटला. थांबवून, वळून, मला कुणी कधी काही सांगितल्याचं आठवत नाही. आमच्याकडे तेवढा वेळच नसतो कुणाला.

पण जावयाचा हातही खरा होता. तेही मी त्यांना सांगितलं. मशीनची गोष्ट त्यांना कुणी सांगितलीच नव्हती. नोटिशीत आम्ही परवान्याबद्दल लिहिलं होतं, हाताबद्दल नाही. मॅडमचं बोट गुडघ्यावर भराभर चाललं, मग थांबलं. त्यांनी चित्र पुन्हा सुरू केलं आणि आवाज कमी करत गेल्या, इतका की हसणं अगदी मुंगीएवढं झालं.

"आता मला काही ऐकू येणार नाही," त्या म्हणाल्या. "चालेल. मला पाठच आहे सगळं." पण त्यांचा चेहरा पडला होता. पाठ असलेलं सांगायला तरी समोर कुणी लागतं.

मी उठून टीव्हीजवळ गेले, दोन प्लास्टिकच्या खुर्च्या ओढून अगदी पडद्याला चिकटवल्या आणि एकीवर बसले. मॅडम दुसरीवर येऊन बसल्या. चित्र चालूच होतं. कारकून काहीतरी पुटपुटला आणि छत्रीवाल्या बाईने त्याला एक उत्तर दिलं. मला ते स्वच्छ ऐकू आलं. तीस वर्षं इंग्रजी पत्रव्यवहार करतेय, कळलंही चांगलं आणि हसूही आलं. ते मी ओठ दाबून आत ठेवलं.

मॅडमनी चित्र थांबवलं आणि माझ्याकडे बघितलं, पण 'सांगू का?' असं विचारायचा धीर त्यांना होत नव्हता.

"काय म्हणाली हो ती?" मी म्हटलं.

मॅडमनी चष्मा काढला, खुर्ची माझ्याकडे वळवली आणि पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.