रोब्लासेकाच्या खुर्च्या

बॉसकडून रजा कशी काढावी, हे कुणीही माझ्याकडून शिकावं! धाकट्या बहिणीचं, सावनीचं लग्न डिसेंबरात नागपूरला होतं आणि मला सलग तीन आठवडे हवे होते. बाकीचे लोक ईमेल टाकतात. मी आधी पेरणी करतो.

आमच्या टेक्सासमधल्या प्लेनोच्या ऑफिसातला बॉस इग्नासियो हा स्पेनमधल्या रोब्लासेका गावचा. चेहरा कायम तेराव्याचं जेवून आल्यासारखा. कारण गावचा फुटबॉल क्लब. क्लब शंभर वर्षं जुना, आणि जवळजवळ तेवढीच वर्षं हरतोय. दर सोमवारी मी त्याच्या टेबलाशी जाऊन थोडा वेळ सुतकी चेहऱ्याने उभा राहायचो. एका सोमवारी जरा जास्तच जोशात विचारून बसलो, "काल आपण जिंकलो का?"

त्या 'आपण'ने घात केला. आमच्याकडे शेजारच्या मुलाचा निकाल लागला तरी 'आपल्याला किती पडले?' असंच विचारतात. सवय! पण इग्नासियोचे डोळे भरून आले.

"तूसुद्धा रोब्लासेकावाला?"

"लहानपणापासून!"

"नागपुरात?"

"नागपुरात बरेच आहेत."

त्याने मला मिठी मारली. "शनिवारी क्लबची शताब्दी करतोय. टेक्सासमधले सगळे रोब्लासेकावाले येणार. क्लबच्या इतिहासावर तू बोल, देवदत्त!"

"आणि ती डिसेंबरची रजा...?"

"भाषण होऊ दे. मग बघू."

घरी येऊन क्लबची वेबसाइट उघडली. इतिहासाच्या पानावर फक्त मैदानाचा एक फोटो होता, आणि त्यात दोन बकऱ्या. एक गोलकीपरच्या जागी.

"अरे, खरं सांगून टाक ना यार!" माझी बायको कादंबरी म्हणाली.

"लग्न झालं की सांगतो, कादंबरी."

"आपलं होऊन सहा वर्षं झाली. मला तरी कुठे सांगतोस?"

शनिवारी माइकसमोर उभा राहिलो. समोर दमलेली, हरून हरून खांदे पडलेली माणसं. मी तोंड उघडलं, आणि त्यातून बाहेर पडला तो जगातल्या ज्या एकाच संस्थेचा मला पाठ आहे तिचा इतिहास. आमच्या मराठी मंडळाचा! संस्थापक अरुणकाका, रिटायर्ड डॉक्टर, तो इतिहास दर गणपतीत जेवणाआधी सांगतात आणि संपेपर्यंत मसालेभाताचं झाकण उघडू देत नाहीत. मंडळ निघालं होतं गराजमध्ये; मी फक्त गराजचा गोठा केला.

"चार मित्रांनी एका गोठ्यात क्लब काढला. दुसऱ्याच वर्षी जेवण आधी की सामना आधी, यावरून फूट पडली!"

समोरच्या माना डोलायला लागल्या.

"अध्यक्ष वर्षानुवर्षं हटले नाहीत. कारण काय, तर दुसरं कुणी पुढे येत नाही! तरुण मंडळी फक्त जेवायला येतात!"

बायकांनी रुमाल काढले. मला चेव चढला.

"आणि फुटून गेलेला गट जाताना क्लबच्या खुर्च्या घेऊन गेला!"

एक म्हातारा ताडकन उठला. "खुर्च्यांचं तुला कुणी सांगितलं?"

मी माइक सोडून दाराकडे बघितलं. पण तो पुढे ओरडला, "चोरल्या होत्या त्या! मी ऐंशी वर्षांचा झालो, आज पहिल्यांदा कुणीतरी बोललं!"

"माझ्या वडिलांनी चोरल्या नाहीत, सांभाळल्या!" पलीकडून एक आजी गरजल्या.

मग एक आख्खं बटाट्याचं आम्लेट हवेतून गेलं. केक कापेपर्यंत टेक्सासमधल्या रोब्लासेकावाल्यांच्या दोन संघटना झाल्या होत्या. एकमत फक्त एका बाबतीत झालं: दोन्हींचा अध्यक्ष मी. माझ्या घराण्यात कुणीही त्यांची खुर्ची नेली नव्हती.

"शंभर वर्षांत इतकं खरं कुणी बोललं नव्हतं," इग्नासियो नाक पुसत म्हणाला.

"मग माझी रजा?"

"अध्यक्षाला कसली रजा? डिसेंबरात शेजारच्या गावाशी सामना आहे. दोन्ही गट माझ्या घरी बघणार. मधल्या खुर्चीवर कोण बसणार?"

कादंबरी दोघांच्या बॅगा घेऊन एकटीच नागपूरला गेली.

लग्नाच्या दिवशी भल्या सकाळी मी इग्नासियोच्या दिवाणखान्यात, दोन गटांच्या मधोमध. समोर टीव्हीवर सामना, हातात फोनवर लग्न. तिकडे सावनीवर अक्षता पडल्या, इकडे आमच्यावर चौथा गोल. दोन्हीकडे लोक रडत होते, त्यामुळे माझं कुणाच्या लक्षात आलं नाही.

कादंबरीने फोन नवरीच्या तोंडाशी नेला. मुंडावळ्या बाजूला सारत सावनीने विचारलं, "दादा, आपण जिंकलो का रे?"

"काय म्हणाली ती?" इग्नासियो माझ्या खांद्यावरून डोकावला.

मी भाषांतर करून सांगितलं. अक्कल तेवढीच!

त्याने डोळे पुसले आणि दोन्ही गटांकडे वळून तो म्हणाला, "हिला खजिनदार करू या."

ठराव एकमताने पास झाला. तिला मी अजून सांगितलेलं नाही.