सहा ते सव्वासहा, क्रॉसिंग

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार कोणाचे, असं कुणी विचारलं तर मी रामटेके काकांचं नाव घेतो. हा माणूस सगळ्या जगाला गाड्या समजत असे. दूधवाला उशिरा आला की "पॅसेंजर पस्तीस मिनिटं लेट." बायको वारल्याचंही त्यांनी मला "तिची लाइन माह्या आधी क्लिअर झाली" एवढ्याच शब्दांत सांगितलं होतं.

काका रेल्वेच्या कंट्रोल ऑफिसातून रिटायर झालेले. कोणती गाडी थांबवायची नि कोणती पुढे काढायची, हे तक्त्यावर पेन्सिलीनं रेघा ओढून ठरवण्यात त्यांचा जन्म गेला. फोन लावून लावून डावा कान गेला, उजवाही निम्मा. रायपूरच्या बूढापाऱ्यात मी त्यांच्या शेजारच्या खोलीत भाड्यानं राहायचो. आमच्या घरातला पहिला ग्रॅज्युएट मी, आणि एमबीएच्या प्रवेशपरीक्षेत दोनदा आपटलेला. तिसऱ्यांदा आपटलो असतो तर पंडरी बाजारातल्या कापडदुकानात मामानं माझी जागा धरून ठेवलीच होती.

माझी एक सराव परीक्षा काकांनी समोर बसून पाहिली. एका गणितात माझी बावीस मिनिटं गेली.

"काहून रे पोट्ट्या, एका मालगाडीपायी मागं सात मेल उभ्या केल्या तू! चढ चढून नाही राहिली ना ते? मंग लूपात, बाजूच्या लाइनीत टाक तिले. बाकीच्या जाऊ दे पुढं."

"पण काका, येतं मला ते. थोडा वेळ दिला तर..."

"येते सगळ्याइलेच. लाइनीचा सेक्शन तुया बापाचा आहे का?"

दुसऱ्या दिवशी माझ्या भिंतीवर तक्ता लागला. आडवे तास, उभे विषय. दर रविवारी, खऱ्या परीक्षेच्याच वेळेला, पूर्ण पेपर. चुकलेल्या प्रश्नावर लाल गोल आणि शेजारी कारण: 'घाई', 'नीट वाचलं नाही', 'शहाणपणा'. तिसरं कारण सगळ्यांत जास्त वेळा लिहिलेलं असे. मित्रांसमोर मी या तक्त्याची टिंगल करायचो. गुण मात्र वाढत गेले.

त्या तक्त्यात रोज संध्याकाळी सहा ते सव्वासहा एक आडवी रेघ असायची.

"एकेरी लाइनवर दोन गाड्या एकमेकीसाठी थांबते ना, त्याले क्रॉसिंग म्हणते," काका म्हणाले. तेवढा वेळ त्यांच्याकडे चहा प्यायला जायचं. अभ्यासाचं बोलायचं नाही. "काय जेवला?" एवढंच ते विचारायचे, आणि मी ओरडून उत्तर द्यायचो.

परीक्षेला महिना उरला तेव्हा मी म्हणालो, "काका, ही पंधरा मिनिटं फुकट जाऊन राहिली. खोडून टाकता का?"

"हव," म्हणाले, आणि रबर शोधायला लागले. खूप वेळ शोधलं. रबर त्यांच्या कानामागच्या पेन्सिलीलाच होतं.

परीक्षेत मी तीन मालगाड्या लूपात टाकल्या आणि पास झालो. तासाभरावरच्या नवा रायपुरातल्या संस्थेत प्रवेश मिळाला. काकांनी तक्त्यावर 'राइट टाइम सुटली' असं लिहिलं आणि तो गुंडाळून ठेवला. परत कधी येणार, हे विचारलं नाही.

दोन वर्षं मी गेलो नाही. नवा रायपुरातून बस मिळत नाही, असं मी स्वतःलाच सांगत राहिलो.

मग एकदा तिथल्याच चहाच्या टपरीवर काकांचा मुलगा प्रशांत भेटला. मोठ्या सरकारी हुद्द्यावर आहे. मी कौतुकानं तक्त्याचं बोलायला लागलो, तर तो हसला.

"छह से सवा छह वाली लाइन थी क्या? मैंने भी मिटवा दी थी, भैया. अब जाना चाहता हूँ तो इधर से बस ही नहीं मिलती."

समोर त्याची कार उभी होती. आणि माझ्या हातात मोटारसायकलची किल्ली.

त्याच दिवशी मी काकांना पत्र टाकलं.

"काका, सप्रेम जयभीम.

तुम्हाला फोन ऐकू येत नाही, म्हणून लिहितो. मला वेळ नव्हता हे खोटं आहे. कारणाच्या जागी 'शहाणपणा' लिहा.

रविवारी सहाला येतो. ती रेघ परत ओढा, असं म्हणायला मला तोंड नाही. मी दाराबाहेर सिग्नलला उभा राहीन. वाटलं तर आत घ्या.

तुमची लेट मालगाडी."