सार्जंट बसलेला ट्रक

"तुम्ही दोघं शेवटचं एकत्र कुठे गेला होतात?"

हा प्रश्न हॅडलीचा नव्हता. शाळेत जेवणाच्या सुट्टीत कोरा आणि जोसी या मैत्रिणींनी तो तिच्या गळ्यात मारला होता, 'हिंमत असेल तर घरी विचारून दाखव' म्हणून. हॅडलीला नुकतंच गाडीचं लायसन्स मिळालं होतं, त्यामुळे हिंमतीचा तुटवडा नव्हता.

"दातांच्या डॉक्टरकडे," तिचा बाबा ग्लेन विचार करून म्हणाला.

"ते तुझे दात होते. मी बाहेर गाडीत बसले होते," आई म्हणाली.

हॅडलीची आई रोवेना क्लिअरवॉटर नदीवर गाईड होती. शहरातून आलेल्या हौशी लोकांना नावेत बसवून स्टीलहेड माशांपर्यंत न्यायचं, हे तिचं काम. आता नदी काही उलटी वाहत नाही. वरच्या धक्क्यावर नाव पाण्यात सोडली की कुणीतरी ट्रक आणि रिकामा ट्रेलर रस्त्याने खालच्या धक्क्यावर नेऊन ठेवावा लागतो, नाहीतर नाव घरी यायची कशी? लग्न झाल्यापासून हा 'कुणीतरी' म्हणजे ग्लेन. बायको पाण्यात, नवरा रस्त्यावर. दिवसभरातला संवाद म्हणजे "किल्ली?" आणि "चाकावर." हल्ली तर जेवतानाही ते तेवढंच बोलायचे, आणि हॅडलीला रात्री अंथरुणात पडल्यावर त्याची भीती वाटायची.

"मग या रविवारी तुम्ही दोघं नावेत. ट्रक मी नेते," तिने जाहीर केलं.

"ट्रेलर लावून रिव्हर्स जमतो का तुला?" ग्लेनने विचारलं.

"रिव्हर्स कशाला लागतोय, बाबा? पुढेच तर जायचंय."

रविवारी सकाळी दोघं निघाली. "जॅकेट नीट बांध. आणि नावेत उभा राहू नकोस," रोवेना म्हणाली.

"गिऱ्हाइकांशीपण असंच बोलतेस?"

"गिऱ्हाईक पैसे देतं."

हॅडली कोराच्या गाडीतून वरच्या धक्क्यावर पोचली तेव्हा आईबाबांची नाव वळणाआड गेली होती. उभ्या ट्रकांमध्ये ट्रेलर लावलेला पांढरा ट्रक समोरच होता. त्या खोऱ्यात प्रत्येक जण किल्ली डाव्या मागच्या चाकावर ठेवतो. हॅडलीने हात घातला, किल्ली मिळाली. ती ऐटीत निघाली, मागून कोरा. सीट जरा जास्तच पुढे होती. बाबा म्हातारा होत चाललाय, असं तिला वाटलं. बरंच अंतर गेल्यावर मागच्या सीटवर कुणीतरी शिंकलं आणि एक भलंमोठं ओलं तोंड तिच्या खांद्यावर टेकलं.

तिने ट्रक कडेला घेतला. कोरा उतरून आली.

"कोरा, ट्रकमध्ये कुत्रा आहे."

"तुमच्याकडे कुत्रा नाहीये."

"तेच सांगतेय."

कुत्र्याला अख्खं खोरं ओळखत होतं. तो सार्जंट, म्हणजे ट्रक दुसऱ्या गाईडचा, डॉर्सीचा. या नदीकाठी निम्म्या लोकांचे ट्रक पांढरे, आणि किल्ल्या सगळ्यांच्या एकाच जागी.

"मग वळव की," कोरा म्हणाली.

एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला नदी, मागे ट्रेलर. हॅडलीने प्रयत्न केला. ट्रेलर रुसल्यासारखा रस्त्यात आडवा झाला. मागून गवताच्या गठ्ठ्यांचा लॉरीवाला आला, उतरला, ट्रेलर सरळ करून दिला आणि म्हणाला, "पोरी, तू पुढेच जा."

मधला धक्का केव्हाच मागे पडला होता; आता वळायला जागा होती ती थेट खालच्या धक्क्यावर. तिथे वळून ती परत वर आली, तर आपला ट्रक गायब. तिथे नाव उतरवणारी एक बाई म्हणाली, "पांढरा ना? मर्व्ह काका मघाशीच मधल्या धक्क्यावर घेऊन गेले."

मर्व्ह काका म्हणजे डॉर्सीचा ट्रक नेणारे. हॅडली मधल्या धक्क्यावर धडकली. काका तिच्या बाबाच्या ट्रकमध्ये डुलक्या काढत होते.

"काका, डॉर्सीकाकांचा ट्रक कुत्र्याशिवाय कसा, असं नाही वाटलं तुम्हाला?"

"वाटलं की. म्हटलं, बरं झालं."

तेवढ्यात डॉर्सी नावेतून उतरला. मागे दोन कुडकुडणारी गिऱ्हाइकं.

"हॅडली, माझा ट्रक चोरलास?"

"चोरला नाही काका, फिरवून आणला."

सार्जंट खाली उतरायला तयार नव्हता, त्यात अर्धं सँडविच आणि बराच वेळ गेला. आपल्या ट्रकमध्ये बसून हॅडली खालच्या धक्क्याकडे निघाली तेव्हा उजेड उतरला होता आणि बारीक पाऊस लागला होता. आईबाबा केव्हाचे पोचले असणार. थंडीत, ओले, चिडलेले. एक दिवस मिळाला होता त्यांना, तोही मी वाया घालवला. आता 'किल्ली' आणि 'चाकावर'सुद्धा बंद होणार, असं म्हणत ती रडवेली झाली.

धक्क्यावर कमरेवर हात ठेवून कुणी उभं नव्हतं. नाव दगडाला बांधलेली होती आणि तिच्यावरच्या ताडपत्रीखालून हसण्याचा आवाज येत होता.

"तू त्या माशाला सॉरी म्हणालास, ग्लेन. मी ऐकलं."

"मग काय म्हणू? एवढा लांब समुद्रातून आलेला, आणि मी त्याच्या ओठात गळ अडकवला."

"जंगली होता म्हणून नियमाने सोडायला लागला. हॅचरीत पैदा केलेला असता तर आज तळून सॉरी म्हणाला असतास."

पुन्हा हसणं. हॅडलीने ताडपत्री उचलली. आईचं डोकं बाबाच्या खांद्यावर होतं आणि थर्मासचं एकच झाकण दोघांत होतं. दोघांनी तिच्याकडे असं पाहिलं, जणू भर झोपेत कुणी दिवा लावला.

"आलीस पण?" ग्लेन म्हणाला.

"बाबा, मी चुकीचा ट्रक नेला, मग तो कुत्रा... तुम्ही रागावला नाहीत?"

"कॉफी संपली तेव्हा मी जरा रागावले होते," रोवेना म्हणाली. "मग हा वाटेतल्या धबधब्याबद्दल विचारत बसला. मी रोज तिथून जाते, याने कधी बघितलाच नव्हता."

ती उठायला लागली. ग्लेनने तिचा हात सोडला नव्हता. त्याच्या ते लक्षातही नसावं. हॅडलीने डोळे पुसले आणि ताडपत्री होती तशी पुन्हा खाली सोडली. मग बाहेरून, पावसात उभं राहून, ती खणखणीत आवाजात म्हणाली,

"ऐका, माझं ठरलंय. यापुढे दर रविवारी ट्रक मीच नेणार. आणि उशिरा का आणलास, हे मला कुणी विचारायचं नाही."