धोंडबाकाकांच्या छातीतल्या आसरा

“धोतरबी सोडू का आता? सोडतो. पन दोन शेर वाढलो म्हनू नगंस!”

अडतीच्या दारात कापूस जोखायचा मोठा तराजू टांगलेला, आणि त्याच्या पारड्यात मांडी घालून बसलेले आमचे शेजारी धोंडबाकाका ओरडत होते. अडत्यानं शांतपणे शेवटचं वजन चढवलं. “काका, धोतर भरंल पावशेर. बाकीचं पानी हाय. काल पाटलाकडं लोणचं खाल्लाव ना?”

त्या दिवशी मला परभणीच्या दवाखान्यासाठी गाडी जुंपावीच लागली.

निजामाच्या अख्ख्या राज्यात रोज सकाळी कापसासारखा जोखला जाणारा माणूस आमच्या पेडगावातच होता. काका पाणाड्या. उंबराचं बेचकं दोन्ही मुठींत धरून रानात फिरायचे. ते खाली झुकेल तिथं विहीर खणायची. एकदा काका शिंकले आणि जागच्या जागी झरा फुटला. हे मी पाहिलंय. निदान पाहणाऱ्याला तरी पाहिलंय.

पुढं काकांचे पाय सुजले. आडवं झालं की जीव घुसमटायचा, छातीत गुळगुळ वाजायचं. गावानं निकाल देऊन टाकला : काकांनी जमीन फोडून साती आसरांना, पाण्यातल्या त्या सात बहिणींना, बेघर केलं, आता त्या त्यांच्याच छातीत राहायला आल्या.

परभणीचे डॉक्टर वेगळं बोलले. “दिल बंद नै हुवा, थक्या है. मोट का बैल थक्या तो पानी कुएँ में चढ़ताच ना? वैसा.” गोळ्या दिल्या, मीठ तोडलं, प्यायचं पाणी मोजून दिलं. रोज जोखा म्हणाले, आणि दोन शेर चढलं की निघून या.

“डाक्टर बैल म्हंतो, गाव आसरा म्हंतं,” काका म्हणायचे. “बुडायचं मलाच हाय.”

ते भिंतीला टेकून, बसूनच झोपायचे. डोळे अर्धे उघडे, बुबुळं वर. भर दुपारी सगळं गाव सामसूम असताना त्या ओसरीवरून खोल आडात घागर बुडल्यासारखा आवाज यायचा. वाटेनं जाणाऱ्या म्हशी पाणवठा समजून थांबायच्या आणि काकांकडं बघत उभ्या राहायच्या. बायका तोंडावर पदर धरून लगबगीनं पुढं व्हायच्या. रोज उंबऱ्यावर कुणीतरी आसरांसाठी हळदकुंकू न् हिरव्या बांगड्या ठेवून जायचं. काकांच्या घरच्या गोदाकाकू झाडता झाडता म्हणायच्या, “ठिवायच्याच हायत तर माज्या मापाच्या तरी ठिवा म्हनावं.”

काकांना मात्र नवा नाद लागला. रानातलं बेचकं ते माणसांपुढं धरू लागले. “थांब. तुज्यात किती चढलंय बघू.” पाटलाच्या म्हाताऱ्यापुढं बेचकं झुकलं आणि पंधरवड्यात म्हातारा गेला. म्हातारा नव्वदीचा होता हे खरं, पण त्यानंतर काका दिसले की गाव गल्ली बदलायचं. येऊन बसायचा तो मी एकटा, तेही पाठीमागं.

एके दुपारी असाच बसलो होतो. वारा पडलेला, लिंबाचं पान हलत नव्हतं. काकू घागर घेऊन आल्या, ओसरीची पायरी चढल्या आणि खांबाला धरून उभ्या राहिल्या. “काय न्हाई, उगं दम लागला.” काकांच्या मुठींतलं बेचकं सावकाश, कुणीतरी खालून ओढल्यासारखं, जमिनीकडं वळलं. काकांनी ते मोडून चुलीत घातलं न् मला म्हणाले, “गाडी जुंप. मला लय दम लागायलाय.”

सकाळीच तर ते अर्धा शेर कमी भरले होते. तरी मी गाडी जुंपली. “पथ्य ऐकायला पायजे कोन तरी,” म्हणून त्यांनी काकूंना गाडीत बसवलं.

दवाखान्यात डॉक्टरांनी नळी कानाला लावली, तसे काका बाजूला सरकले. “माजं पाठ हाय तुमाला. आदी तिला बगा.”

डॉक्टर काकूंच्या पाठीला नळी लावून फार वेळ ऐकत राहिले. मग त्यांच्या नडगीवर अंगठा दाबला. खळगा पडला तो भरेचना. “इनका बी वोइच,” ते म्हणाले. “अच्छा हुवा, जल्दी लाए.” त्याच गोळ्या, तेच पथ्य.

परतताना काकू काकांच्या खांद्याला टेकून, बसल्या बसल्या झोपल्या. काका जराही हलत नव्हते. त्यांचाही श्वास चढला होता, तरी खांदा काढून घेतला नाही. बैलांच्या घुंगरांमधून त्या दोघांच्या छातीतली गुळगुळ मला ऐकू येत होती.

न राहवून मी हळूच विचारलं, “काका, बेचकं खरंच झुकलं व्हतं का?”

“मीच झुकवलं. सुजल्या पायात बसंनात म्हनून तिनं चार दिसाखाली जोडवी काढून ठिवली. मी जित्ता असताना.”