आज खसखस, उद्या काय?

खांबेटे माणसाला आधी हुंगतात, मग नमस्कार करतात. लिफ्टमध्ये कोणी शिरलं की त्यांच्या नाकपुड्या किंचित फुलतात. समोरचा निर्दोष ठरला की मगच "काय लिमये, ऑफिस?" असं विचारतात. सिंगापुरातल्या सेंगकांगच्या आमच्या ब्लॉकमधल्या एका चिनी आजींनी उदबत्ती बदलली, तेव्हा खांबेटे दोन दिवस जिन्यातून फिरून तपास करत होते.

त्यांना संशय असतो तो गांजाचा. सिंगापुरात गांजा हुंगत फिरणं म्हणजे वाळवंटात मगर शोधण्यासारखं आहे. पण खांबेटे एका बँकेत कम्प्लायन्स बघतात, म्हणजे सगळे नियम पाळतात की नाही ते. गुन्हा नसला तरी दक्षतेत खंड पडू नये, असं त्यांचं मत.

"तुम्हाला तो वास माहीत तरी आहे का?" मी एकदा विचारलं.

"मुळीच नाही," ते अभिमानाने म्हणाले. "म्हणून तर अनोळखी वास आला की मी थांबतो!"

गेल्या दिवाळीत माझ्या सासूबाई पुण्याहून आल्या. त्यांच्या डब्यात अनारसे होते आणि अनारशांवर अर्थातच खसखस. खसखशीला या देशात बंदी आहे, हे सासूबाईंच्या गावीही नव्हतं. खांबेटे चहाला आले, अनारसा उचलला आणि निखारा हातात आल्यासारखा खाली ठेवला.

"वहिनी, ही अफूची बी आहे," ते माझ्या बायकोला म्हणाले.

"अहो, अनारशाला लागतेच ती," सासूबाई म्हणाल्या.

"आज खसखस, उद्या काय?"

हे त्यांचं ब्रीदवाक्य. पुढचा तासभर ते आमच्या डायनिंग टेबलाशी बसून नव्या कोऱ्या टूथब्रशने एकेक अनारसा घासत होते. बाळाचं जावळ काढताना बघावं, तशा सासूबाई बघत राहिल्या. ते गेल्यावर त्यांनी विचारलं, "या गृहस्थांचं लग्न झालंय का गं?"

"झालं होतं," माझी बायको म्हणाली.

घटस्फोटानंतर खांबेट्यांची बायको मुलीला, मुक्ताला, घेऊन कॅनडाला गेली. त्याला तीन वर्षं झाली. मुक्ता आता सोळा वर्षांची आहे. तिथे गांजा कायदेशीर आहे. मोठ्यांना, मुलांना नाही. पण मोठ्यांच्या कपाटातली वस्तू मुलांना सापडत नाही, असं जगात कुठेच झालेलं नाही. मुक्ताच्या सरकारी शाळेतली टॉयलेट्स त्या धुराने भरलेली असतात, असं शाळेनेच पालकांना कळवलं. मग ऑनलाइन पालकसभा झाली. तिथली संध्याकाळ म्हणजे आपली सकाळ, त्यामुळे खांबेटे ती सभा ऑफिसला जाताना एलआरटीत, आमच्या छोट्या लोकल गाडीत, उभ्या उभ्या करत होते. शेजारी मी.

मुख्याध्यापिकाबाईंनी सांगितलं, की टॉयलेटची बाहेरची दारं काढली आहेत आणि एक समुपदेशक नेमला आहे.

"दारं काढली?" खांबेटे इंग्रजीत कडाडले. "मी सिंगापूरहून बोलतोय! आमच्याकडे दारं असतात, मॅडम, आणि भीतीही असते!"

डब्यातल्या एका म्हाताऱ्या अंकलनी उगाचच मान डोलावली. पलीकडून बाई गोड आवाजात "थँक यू, सिंगापूर" म्हणाल्या आणि पुढच्या पालकाकडे वळल्या.

डिसेंबरच्या सुट्टीत मुक्ता इकडे येणार होती. खांबेट्यांनी तिच्या खोलीला रंग दिला, नवी गादी आणली. आणि मग त्यांना आपलाच आवडता कायदा आठवला. मुक्ता इथली पीआर, म्हणजे कायम रहिवासी. पीआर माणसाने परदेशात गांजा ओढला, तरी तो इथेच ओढल्यासारखा धरतात. विमानतळावर उतरल्यावर तपासणीही होऊ शकते. हा कायदा त्यांनी मला पूर्वी अनेकदा कौतुकाने समजावला होता. आता ते त्याचं नाव काढेनात.

"वहिनी, तुम्ही विचारा ना तिला. सहज."

"सहज कसं विचारू हो? ‘जेवलीस का’च्या पाठोपाठ?"

शेवटी एका रविवारी सकाळी आमच्या घरी बसून त्यांनी फोन लावला. आम्ही जवळ असलो की धीर येतो, म्हणाले. पडद्यावर मुक्ता आली. खांबेटे नकळत पुढे झुकले.

"बाबा, फोनला नाक लावू नको, लाह!" ती हसत म्हणाली. कॅनडाला जाऊनही तिचं वाक्याच्या शेवटचं सिंगापुरी ‘लाह’ गेलेलं नाही.

खांबेटे हसले नाहीत. "मुक्ता, तू येऊ नकोस."

"म्हणजे? बाबा, तिकीट काढलंय!"

"रद्द कर."

तिने कपाळाला आठ्या घातल्या. मग तिच्या लक्षात आलं. "तुला वाटतंय की मी... बाबा, यू डिडन्ट ईव्हन आस्क मी!"

"विचारलं तर तू खरं सांगशील."

मुक्ता हो म्हणाली नाही, नाही म्हणाली नाही. तिने डोळे पुसले आणि म्हणाली, "मग तू ये."

तीन वर्षांत खांबेट्यांना तिकडून ‘ये’ असं कोणी म्हटलं नव्हतं.

"तिकडे रस्त्यारस्त्यावर वास असतो म्हणे," ते पुटपुटले.

"असतो. तू ये."

फोन ठेवून ते माझ्या बायकोकडे वळले. मग म्हणाले, "वहिनी, डिसेंबरात तिथे थंडी किती असते हो?"

बायकोने माळ्यावरून माझा जुना लोकरी कोट काढून दिला. खांबेट्यांनी तो घातला, गळ्यापर्यंत बटणं लावली आणि चहाचा कप उचलला. बाहेर सेंगकांगचं ऊन फरशीवर आलं होतं. त्यांच्या कपाळावरून घामाचे ओघळ सुरू झाले.

"पंखा लावू का?" मी विचारलं.

"नको," ते म्हणाले. "सवय करतोय."