घटनेत बसलेला कान

भिंगारदिवे हवालदारांच्या कानात काही सांगणं म्हणजे भिंगारच्या पेठेत दवंडी पिटणं. त्यांच्या डाव्या कानाला तोंड लावून ओरडलं, की थोडंफार पोचायचं. पण जे पोचलं ते बरोबर पोचलं का, याची खातरी करायला ते लगेच परत म्हणून दाखवत. वायरलेसवरची सवय. आणि म्हणून दाखवत ते परेडच्या आवाजात.

एकदा मी त्यांना सांगितलं, उद्या अर्ज टाइप करून देते, आज क्लास लवकर बंद करतेय, घरी आजारपण आहे. "कुनाला? काय झालं?" म्हणाले. मी इकडंतिकडं बघून सांगितलं. झालं! हवालदार भर रस्त्यात ताठ उभे राहिले आणि गरजले, "संदेश मिळाला! टायपिंगवाल्या बाईंच्या मिस्टरांना मूळव्याध! रॉजर!"

पुढं आठवडाभर पानवाल्यापासून पोस्टमनपर्यंत जो भेटेल तो आमच्या ह्यांना सुरणाची भाजी खायला सांगत होता. ह्यांनी माझ्याशी अबोला धरला तो निराळाच.

तेव्हापासून मी कानाला लागणं बंद केलं. माझा मराठी-इंग्रजी टायपिंगचा क्लास होता. हवालदार आले की मी मराठी मशीनवर कागद चढवायची आणि जे बोलायचं ते टाइप करायची. ते शेजारी उभं राहून वाचत आणि तोंडानं उत्तर देत. मी जोरात बटणं बडवली की अक्षरं कागदातून पार आरपार जात. मग म्हणत, "बाई चिडल्याती आज. टिंबाला भोक पडलं."

हवालदार रणगाड्यावर गनर होते. सोळा वर्षं तोफेच्या शेजारी बसले आणि कान तिथंच ठेवून आले. कान गेल्यावर फौजेनं मुदतीआधी घरी पाठवलं. फौजी भाषेत बोर्डआऊट. बायको आधीच गेलेली. घरात ते आणि मुलगी सुजाता. सुजाता म्हणजे त्यांचे कान. बाजार, बँक, विहारातली सभा, कुठंही जायचं तर ती डाव्या हाताला. समोरचा काय म्हणाला ते ती सावकाश, ओठ नीट हलवून सांगायची. तिला ओरडावं लागत नसे. कसं काय ते देव जाणे. आम्ही सगळे ओरडून थकायचो.

त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं. कुणी काही अफवा सांगितली, आश्वासन दिलं, अगदी 'उद्या नळाला पाणी येणार' म्हणालं, तरी हवालदार हात पुढं करत. "कागदावर काय हाय ते बोला. तोंडी आमाला ऐकू येत न्हाई."

तर या हवालदारांनी अपंगत्वाच्या पेन्शनीसाठी अर्ज केला होता. वर्षभरानं त्याचं उत्तर आलं. त्या दिवशी माझा सकाळचा वर्ग भरलेला, सगळ्या मशीन खडखडताहेत, आणि हवालदार हातात पुडा घेऊन आत घुसले.

"बाई, तोंड उघडा!"

'ओरडू नका' म्हणायला मी तोंड उघडलं, तोच आत पेढा गेला.

"बसला!" हवालदार म्हणाले. "घटनेत बसला!"

कोण बसला, असं मी हातानंच विचारलं.

"कान! आपला कान घटनेत बसला! हे बघा." आणि त्यांनी पत्र पुढं धरून एका लांबलचक इंग्रजी शब्दावर बोट ठेवलं. कॉन्स्टिट्यूशनल.

आता हवालदारांचं इंग्रजी म्हणजे हॉल्ट, फायर आणि रॉजर. पण त्यातलं 'कॉन्स्टिट्यूशन' त्यांच्या ओळखीचं होतं. आमच्याकडच्या बुद्धविहारात घटनेचं पहिलं पान फ्रेम करून लावलंय, एका बाजूला मराठी, एका बाजूला इंग्रजी. त्या फ्रेमची काच पुसायचं काम हवालदारांनी स्वतःहून घेतलेलं. "ह्यो शब्द मी दर रविवारी पुसतो, बाई. आता सरकार बी न्हाई म्हनू शकत न्हाई."

मी पत्र वाचलं. त्यात लिहिलं होतं, की आपल्या अर्जाचा काळजीपूर्वक विचार केला, परंतु आपला बहिरेपणा कॉन्स्टिट्यूशनल स्वरूपाचा आहे, त्याचा नोकरीशी संबंध नाही, सबब अर्ज नामंजूर. त्या शब्दाला दुसराही अर्थ आहे. माणसाच्या शरीराची मूळची घडण. म्हणजे तोफेचा काही दोष नाही. कान मुळातलेच तसले, अंगचेच.

मी फटकळ बाई आहे. विद्यार्थ्याच्या बापाला तोंडावर सांगते, की तुमच्या मुलाच्या बोटांना सरकारी नोकरीचा योग नाही. पण त्या दिवशी हवालदारांच्या मिशीला पेढ्याचा कण लागला होता आणि इतका आनंदी चेहरा मी त्यांचा कधी पाहिला नव्हता. मी पेढा गिळला आणि म्हणाले, "छान."

ओठ वाचून त्यांना कळलं. कडक सॅल्यूट ठोकून गेले. मनात म्हटलं, सुजाता कर्जतला मावशीकडं गेलीय, आली की वाचेल, ती सांगेल समजुतीनं. माझी ही चूक मला अजून खाते.

कारण सुजाता आली ती एकटी आली नाही. मावशीनं कर्जतचंच स्थळ काढलं होतं. मुलगा एस.टी.त लागलेला, घर चांगलं, आणि तिच्या पाठोपाठ दुसऱ्याच दिवशी माणसं बघायला आली. सुजाता चहा करेपर्यंत हवालदारांनी पाहुण्यांना काय दाखवावं? तेच पत्र! आपल्या कानाची कीर्ती. मुलाचे काका मास्तर होते. त्यांनी पत्र वाचलं, चष्मा काढला आणि शेजारच्याला सांगितलं, "अहो, हे तर पिढीजात निघालं. सरकारी डॉक्टरच लिहितोय. म्हणजे पोरीला बी कधीतरी निघणार, नातवंडांना बी निघणार."

हे सगळं हवालदारांच्या समोर. बहिऱ्या माणसासमोर आवाज कशाला खाली करायचा? हवालदार हसून माना हलवत होते. त्यांना वाटलं, तारीफ चाललीय. सुजाता ट्रे घेऊन दारात उभी होती. तिनं अक्षर न् अक्षर ऐकलं. चहा दिला, कप गोळा केले, पाहुणे "कळवतो" म्हणून गेले. वडिलांनी विचारलं, काय म्हणत होते? ती म्हणाली, काही नाही, हवापाण्याचं.

पण हवालदार कानानं अधू होते, डोळ्यानं नव्हे. दुसऱ्या दिवशी दुपारी, क्लास रिकामा असताना, ते माझ्यासमोर येऊन बसले. पत्र टेबलावर ठेवलं. "बाई, मशीनवर बसा. काय लिव्हलंय ते खरं सांगा. पोरगी सांगत न्हाई."

मी टाइप केलं. हळू केलं, भोकं पाडली नाहीत. त्यांनी दोनदा वाचलं.

"तुमाला त्या दिशी ठावं हुतं?"

मी टाइप केलं, 'हो'.

"पेढा खाल्ला तुमी," हवालदार म्हणाले. एवढंच. त्यांनी मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

मग म्हणाले, "अपील ल्ह्या. पेन्शन दिऊ नका म्हनावं पायजे तर. पन ह्यो शब्द खोडा. कान माजे सरकारनं घेतले, ते पोरीच्या नावावर कसे चढिवता?"

तेव्हापासून आमचा अपिलाचा संसार सुरू झाला. हवालदार सांगत, मी 'सबब विनंती की' घालून टाइप करी. शेवटी वैतागून मी सुजातालाच टायपिंगला बसवलं. दोन महिन्यांत पोरगी माझ्यापेक्षा वेगानं अपिलं काढायला लागली.

पहिली सुनावणी पुण्याला. बापलेक पहाटेच्या गाडीनं गेले. तिथं सुजाता पाण्याची बाटली भरायला उठली आणि नेमका तेवढ्यात शिपायानं पुकारा केला. तीनदा केला. हवालदार त्याच्यापासून चार हातांवर, ताठ, गुडघ्यावर हात ठेवून बसलेले. शिपाई आत जाऊन सांगून आला, अर्जदार गैरहजर. सुजाता परतली आणि तशीच आत घुसली. "साहेब, त्यांना हाक ऐकू आली असती तर आम्ही आलो असतो कशाला?" म्हणाली. मला हे हवालदारांनी सांगितलं, तिच्याकडून ऐकून, आणि पेठेतल्या प्रत्येकाला सांगितलं.

त्यावर उत्तर आलं. पेन्शन मंजूर! मी वर्गाला सुटी दिली. म्हटलं, सुटलो एकदाचे. पण हवालदार आले ते पत्राच्या दुसऱ्या ओळीवर बोट ठेवूनच. सुजातानं त्यांना अर्थ सांगितला होता. तिथं लिहिलं होतं, की आजार नोकरीमुळे 'वाढला'.

"वाढला म्हंजी आधी हुता," हवालदार म्हणाले. "जे न्हवतंच ते वाढंल कसं? ल्ह्या अपील."

मी अशी बटणं बडवली की कागदाची चाळण झाली. 'मिळतंय ते घ्या. गप्प बसा. वेडेपणा पुरे.'

"चाळन झाली," ते कागद उजेडाकडं धरून म्हणाले. "पन कागदावर काय हाय ते बोला, बाई. कागदावर वाढला हाय."

त्यांनी पेन्शनीच्या फॉर्मवर सही केली नाही. जिंकलेला दावा पुन्हा लढवणारा माणूस भिंगारनं पाहिला नव्हता. पेठेत लोक कपाळावर बोट फिरवून दाखवू लागले. दाखवायचं कशाला, तोंडानं बोलले असते तरी चाललं असतं.

दुसऱ्या सुनावणीला हवालदारांनी मात्र कमाल केली. आजार खानदानी नाही ना? मग खानदानच हजर करू. एक टेम्पो ठरवला, त्यात दोन भाऊ, एक चुलता, तीन पुतणे आणि ऐंशी वर्षांची आत्या भरली, आणि सगळे भिंगारदिवे पुण्याला नेऊन डॉक्टरांसमोर एका रांगेत उभे केले. "तपासा!" म्हणाले. "चौदा कान हायती. एक बी नापास झाला तर अपील मागं घेतो."

डॉक्टर म्हणे आधी रागावले. मग आत्याबाईंकडं बघून त्यांना मजा वाटली असावी. खोलीच्या पार दुसऱ्या टोकाला गेले, पाठ फिरवली आणि पुटपुटले, "आजी, चहा घेणार का?"

"घेईन की," आत्या म्हणाली. "पन लई ग्वाड नगं."

डॉक्टरांनी तिथल्या तिथं भरतीच्या वेळचे कागद मागवायचा शेरा मारला. त्या कागदात हवालदारांचे दोन्ही कान निर्दोष लिहिलेले निघाले. आणि कितीतरी महिन्यांनी शेवटचं पत्र आलं. सुजातानंच ते मला वाचून दाखवलं. बहिरेपणा नोकरीतच आला, नोकरीमुळेच आला. आधीचा शेरा रद्द. शेवटची ओळ तिनं पुन्हा एकदा वाचली. मी रडले, लाजायचं काय त्यात?

हवालदारांनी मात्र या खेपेला पेढे वाटले नाहीत. पत्राची एक नक्कल माझ्याकडून नीट टाइप करून घेतली, घडी घालून खिशात ठेवली आणि गेले. चार दिवस दिसले नाहीत. सुजाताला सांगून गेले होते, भावाकडं जातो. पाचव्या दिवशी दुपारी आले, पायांवर धूळ, डोक्याला टॉवेल.

मी टाइप केलं, 'कुठे होता?'

"कर्जतला गेल्तो. मास्तरांच्या घरी."

मला इतका राग आला. त्या मुलाचं लग्न होऊन त्याला पोर झालेलं, ते सगळ्यांना माहीत. मी बटणं बडवली. 'आता कशाला? त्यांच्या दारात पुन्हा?'

"सोयरीक मागाय न्हाई गेलो, बाई. कागद द्याय गेलो. सगळी बसली हुती घरातली. मास्तरांच्या हातात कागद दिला. म्हनलं, वाचा. माज्या पोरीत काई दोष न्हाई, सरकारनं लिव्हून दिलंय."

'मग काय म्हणाले ते?'

"बोलत हुते सगळे. लई येळ बोलत हुते." हवालदारांनी टॉवेलनं तोंड पुसलं. "मला काय ठावं काय म्हनले."

कान गेल्यापासून जो माणूस एकटा बँकेत गेला नाही, तो एवढ्या मोठ्या कामाला एकटा? मी टाइप केलं, 'सुजाताला का नाही नेलं?'

हवालदारांनी वाचलं. दाराकडं एकदा बघून घेतलं. बाहेरच्या बाकावर सुजाता नव्या मुलींना कागद कसा चढवायचा ते शिकवत होती. मग ते माझ्याकडं वाकले आणि मी त्यांना ओळखते तेव्हापासून पहिल्यांदाच, अगदी हळू आवाजात म्हणाले,

"तिला ऐकू येतं ना, बाई."